मुलाकडचे की मुलीकडचे

जालना, ४ डिसेंबर २०२४

महेमूद, सलाम.

हॉटेलातल्या खोलीचं दार मागून बंद झालं तेव्हा माझ्या अंगावर बनियन आणि टॉवेल होता, हातात साबणाची वडी. नळाला एकच दांडा आहे. गरम पाण्यासाठी तो कुठं वळवायचा एवढंच विचारायला मी बाहेर आलो होतो. दाराला कडी नाही, कोयंडा नाही. चावी म्हणजे बँकेच्या कार्डासारखं एक कार्ड, आणि ते आत भिंतीत खोचलेलं.

बोळ लांब आहे. दोन्ही बाजूंना सारखी दारं, खाली गालिचा. मी दार ठोठावलं. आपल्याच रिकाम्या खोलीचं दार ठोठावतोय हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात जिन्यावरून नटलेल्या बायकांचा घोळका आला. मी भिंतीला चिकटलो.

“अगं बाई, मामांची अंघोळ अजून व्हायचीच,” एक म्हणाली.

“तिकडं वरात निघून राह्यली अन् हे साबण घेऊन उभे. रामकिसनभाऊ, यांना बघा बरं.”

रामकिसन म्हणून एक जाडजूड गृहस्थ पुढं आले. मला दंडाला धरून त्यांनी समोरच्या खोलीत नेलं. मी म्हणालो, अहो, मी तुमच्यातला नाही.

“म्हणजे मुलीकडचे,” ते म्हणाले. “मंग तर तुम्ही आधी पाहिजे. बॅग हरवली का? ह्या हॉटेलात काहीच बराबर न्हाई. आमचे भटजी मघापासून लिफ्टमध्ये अडकून राह्यले.”

मला कुणाचा तरी जोधपुरी कोट चढवला. डोक्यावर फेटा बांधला. खाली गेल्यावर काउंटरवर चावी मागायची असं मी ठरवलं होतं, पण काउंटरच्या आणि माझ्यामध्ये बँडवाले होते. मग माईकवरून मानाचे पाहुणे बोलावले जाऊ लागले. आपल्याकडं असतं तसंच, टोपी, उपरणं, नारळ. मुलाकडच्यांना वाटलं मी मुलीकडचा. मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडचा. मला विचारायची कुणाचीच हिंमत होईना. पाहुण्याला तुम्ही कोण असं विचारलं तर अपमान, आणि मान द्यायचा राहिला तर रुसवा. दोन्ही बाजूंनी मला बोलावलं. टोप्या दोन मिळाल्या.

जेवलोही. काउंटरवरच्या मुलीनं फेट्यात मला ओळखलं नाही. म्हणाली, “सर, वेडिंगच्या सगळ्या चाव्या रामकिसन सरांकडे आहेत.” शेवटी फेटा काढून पुढं उभा राहिलो तेव्हा कार्ड मिळालं.

घरून निघताना गाडी दाराशी उभी होती, तुला नीट सांगता आलं नाही. हे सगळं ज्योत्स्नानं मेलबर्नहून ठरवलं. शुक्रवारी ती, जावई प्रेम आणि यशोधरा येतायत. आपल्या घरी कमोड नाही, गीझर नाही, लहान मुलीचे हाल होतील, म्हणून दोन खोल्या, दोन आठवडे, नाश्त्यापासून मालिशपर्यंत सगळं त्यातच. मी दोन दिवस आधी येऊन सरावावं असं तिचं म्हणणं. यशू पाच वर्षांची आहे आणि मी तिला फक्त मोबाइलच्या काचेवर पाहिलंय. तिची आजी केशरबाई कोरोनात गेली तेव्हा विमानं बंद होती. आता तिघं येतील, इथून एक दिवस अंबडला येऊ. गल्लीत मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, तुला ठाऊकच आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. तुझा कलीम जवळजवळ रोज मोसंबी घेऊन या हॉटेलच्या भटारखान्यात येतो. त्याच्या हाती देतो.

तुझा
तातेराव


अंबड, ५ डिसेंबर

तातेराव, जयभीम.

तुझं पत्र कलीमनं माझ्या ताटाशेजारी ठेवलं. दोनदा वाचलं. जोधपुरी कुणाच्या मापाचा होता? तुझा डावा खांदा खाली आहे. मी तुझ्या प्रत्येक सदऱ्यात तो सांभाळून घेत आलो, ते या लग्नवाल्यांना काय ठाऊक. फोटोत तू एका बाजूला कललेला दिसशील आणि लोक म्हणतील मुलीकडचे मामा पिऊन आल्ते.

दोन टोप्या मिळाल्या त्यातली एक मला ठेव. माझी जुनी झाली.

इथं सगळी खैरियत. निदान तसं दिसतं. परवा जेवताना घरात काहीतरी ठरलं. सगळे हसले, मीही हसलो. मग सुनेला विचारलं, नाजिया, काय ठरलं? ती म्हणाली, “कुछ नई, अब्बा.” तिचे ओठ मला तेवढ्यापुरते वाचता येतात, कारण ती तेवढंच म्हणते. रागावून नाही म्हणत. माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि दिवसभर काम करून कोण ओरडेल. बायको म्हणून अनवरी पहिली काही वर्षं ओरडली. आता तिचा गळा बसतो.

तू शाळेत शिकवत होतास, तुझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तेवढाच मला ऐकू येतो. म्हणून संध्याकाळी सवयीनं तुझ्या ओट्यावर जाऊन बसतो. कुलूप आहे हे माहीत असून.

एक काम आहे. यशोधरासाठी फ्रॉक शिवायला घेतोय. मशीन पुसून तेल घातलं. पांढरं कापड आहे, निळी किनार लावीन. तिचं माप पाठव. खांदा, कंबर, गुडघा, एवढं पुरे. आणि पंधरा तारखेच्या रविवारी सगळ्यांनी जेवायला आमच्याकडे यायचं. मी अनवरीला सांगून टाकलंय.

महेमूद


ज्योत्स्नाचा मेसेज, मेलबर्नहून, ६ डिसेंबर

पप्पा सॉरी. आज निघता आलं नाही. प्रेमच्या ऑफिसात ऐनवेळी काम निघालं. तिकीट ९ तारखेचं करतोय. हॉटेलला कळवलंय. तुम्ही आराम करा. मालिश बुकिंगमध्येच आहे, नक्की घ्या. यशू तुमची खूप आठवण काढते.

तातेरावांचं उत्तर

बरं. काळजी करू नकोस.


जालना, ७ डिसेंबर

महेमूद, सलाम.

तुझं पत्र हॉटेलवाल्यांनी मोठ्या थाळीत ठेवून, वर झाकण घालून आणलं. सोबत सुरी-काटा होता. पोऱ्या नवा होता, त्याला वाटलं भटारखान्यातून आलेली प्रत्येक गोष्ट अशीच द्यायची असते.

ज्योत्स्नाचं येणं तीन दिवस पुढं गेलंय. जावयाचं काम. मोठ्या हुद्द्यावरची माणसं, चालायचंच.

इथल्या कॉम्प्युटरात मात्र आम्ही चौघं रोज येतोय. कालही आलो, आजही आलो. दुपारी दार वाजतं. एक मुलगी निरांजन घेऊन उभी असते, मागं एक जण केक घेऊन. केकवर इंग्रजीत कुटुंबाचं स्वागत असतं. मला ओवाळतात आणि माझ्या मागं बाकीचे कुठं आहेत ते बघतात. मी म्हणतो, येतायत. मग ते फुगे पलंगाला बांधून जातात. कालचे फुगे अजून आहेत.

सकाळी नाश्त्याला टेबलावर चार ताटल्या मांडलेल्या असतात. मी बसलो की वेटर थोडा वेळ थांबतो, मग तीन उचलतो. एकदम उचलत नाही. एक-एक करून नेतो.

पाच वाजता फोन येतो. “गुड मॉर्निंग सर, आज आपली हळद आहे.” मी दोनदा सांगितलं, माझी नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालो, ठीक आहे.

दाराच्या मुठीला अडकवायला एक पाटी आहे. एका बाजूला लिहिलंय, त्रास देऊ नका. दुसऱ्या बाजूला, खोली साफ करा. मी दुसरी बाजू लावून ठेवलीय. बेबीनंदा म्हणून एक बाई आहे, पिंपळगाव रेणुकाईची. ती दिवसातून चार-पाचदा येते. काल म्हणाली, “बाबा, तुम्ही तर काहीच घाण करून न्हाई राह्यले. मी काय झाडू?” मी म्हणालो, झाडल्यासारखं करा. ती खुर्चीवर बसली आणि आपल्या सासूबद्दल बोलली. जाताना पाटी उलटी करू लागली. मी म्हणालो, राहू द्या.

मालिशही घेतली. तापवलेले दगड पाठीवर ठेवतात आणि दिवे मंद करून निघून जातात. आपण हलायचं नाही. बाहेर सहलींचं एक टेबल आहे, तिथला माणूस मला रोज जांब समर्थला देवदर्शनाला न्यायला बघतो. या वयाचा एकटा माणूस जालन्यात दुसऱ्या कशाला येईल, असं त्याचं गणित. काल त्याला म्हणालो, आज सहा डिसेंबर आहे, मला पुतळ्याकडे जायचंय. तो ओशाळला. मी चालत गेलो, मेणबत्ती लावली. गर्दी खूप होती. बरं वाटलं.

आज खाली दुसरं लग्न होतं. खोलीतच बसणार होतो. मग वाजंत्री सुरू झाली तेव्हा तू शिवलेला पांढरा सदरा घातला आणि खाली गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं नाही असंही कुणी म्हणालं नाही. एका म्हातारीनं मला शेजारी बसवून घेतलं आणि नवरीच्या बापाची सगळी निंदा सांगितली. मी मान हलवत राहिलो. टोपी मिळाली. तुझी वेगळी ठेवलीय.

तातेराव


अंबड, ९ डिसेंबर

तातेराव, जयभीम.

आपले गुरुजी अंगठे धरायला लावून पाठीवर दगड ठेवायचे ते आठवतं का? तू हसलास म्हणून तुझ्या पाठीवर दुसरा ठेवला होता. त्याच कामाला आता गार खोली आणि मंद दिवे लागतात. शिकलेली माणसं काय-काय करतील, बिलकुल नेम नाही.

तुझं पत्र वाचताना मी मोठ्यानं हसलो असणार. घरातले सगळे माझ्याकडं बघत होते.

हे पत्र तुला मिळेल तोवर ते येऊन पोचलेले असतील. पोरीला आल्याआल्या माप मागू नकोस, लाजेल. एक-दोन दिवस जाऊ दे. पण मग विसरू नकोस. कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलंय. आता कात्री लावायची तेवढी राहिली.

तुझ्या घराची किल्ली माझ्याकडं आहे म्हणून काल दार उघडून आत हवा खेळू दिली. ओटा धुतला. समोरच्या संध्यावहिनींनी विचारलं असावं काय चाललंय. मी अंदाजानं म्हणालो, “मुलगी येतेय, रविवारी.” त्या काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मी हो म्हणालो.

कलीमला विचारतो तातेराव कसे आहेत, तर तो बरे आहेत म्हणून हात करतो. तेवढंच. तू लिहितोस म्हणून कळतं.

यशोधराला सांग, अंबडला तिचे एक दर्जी आजोबा आहेत.

महेमूद


ज्योत्स्नाचा मेसेज, १० डिसेंबर

पप्पा, कसं सांगू कळत नाही. आता येणं होत नाही. प्रेमला रजा नाकारली आणि मी एकटी यशूला घेऊन एवढा प्रवास नाही करू शकत. मार्चमध्ये नक्की. तुम्ही १८ पर्यंत तिथंच राहा. पैसे परत मिळत नाहीत, आणि घरी एकटे जाऊन काय करणार? तिथं निदान सगळं हातात मिळतं. रागावलात का?

तातेरावांचं उत्तर

नाही. यशूची उंची किती आहे?

ज्योत्स्ना

का हो? कपडे घेताय का? तिला इथली सहा नंबरची साइज लागते. उगीच खर्च करू नका.

तातेरावांचं उत्तर

बरं.


जालना, ११ डिसेंबर

महेमूद, सलाम.

आले सगळे. सुखरूप आहेत. लांबच्या प्रवासानं थकलेत, तिकडची वेळ इकडच्यापेक्षा साडेपाच तास पुढं, त्यामुळं झोपूनच असतात. मी आवाज करत नाही.

यशूचं माप सोबत पाठवतोय. टेप नव्हता. बेबीनंदानं पडद्याची एक दोरी सोडून दिली. वरच्या टोकापासून पहिली गाठ म्हणजे खांदा, दुसरी कंबर, तिसरी गुडघा. मुलगी एका जागी उभी राहत नव्हती. हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. तिच्या आईनं धरली तेव्हा कुठं मोजता आलं. केस कुरळे आहेत. समोरचा एक दात पडलाय.

रविवारचं मात्र आत्ता पक्कं सांगत नाही. त्यांचं काय ठरतं ते बघू. प्रेमला बाहेरचं पाणी सोसेल की नाही हाही प्रश्न आहे. वहिनींना उगीच तयारी करू देऊ नकोस.

कलीम रोज दिसतो. मला बघितलं की क्रेट खाली ठेवून नमस्कार करतो. काही विचारत नाही. चांगला मुलगा आहे.

केक आता येत नाही. कॉम्प्युटरात काहीतरी दुरुस्त झालं असावं. पण नाश्त्याला चार ताटल्या येतात. त्याचं काय करावं कुणाला सांगता येत नाही.

तातेराव


अंबड, १२ डिसेंबर

तातेराव, जयभीम.

फ्रॉक झाला. दोरी मिळाल्यावर दुपारीच कापला. छातीवर चुण्या घातल्यात, मागं पट्टा आहे, वाढत्या अंगाची म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवलीय, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येईल. मशीनवर बसलो की मला हातांनी ऐकू येतं, पाय थांबला की कळतं. पुष्कळ दिवसांनी तसं बसलो.

नाजियाला दाखवला. तिनं हातात घेतला, उलटून शिलाई बघितली आणि घडी घालून परत दिला. अनवरीला म्हटलं, रविवारी माणसं किती होतील ते मोज. ती माझ्याकडं बघत राहिली, मग उठून आत गेली. तिची तब्येत बरी नसावी. म्हणून मी स्वतःच बाजारात जाऊन बासमती घेऊन आलो. प्रेमसाठी पाणी उकळून गार करून ठेवू. ते काही कारण नाही.

केस कुरळे म्हणतोस. तुझ्या घरात कुणाचे कुरळे नाहीत. जावयाकडून आले असतील.

रविवारी बारापर्यंत या. मी ओट्यावर बसलेला असेन.

महेमूद


जालना, १३ डिसेंबर

महेमूद,

ज्योत्स्ना आलेली नाही. यशू आलेली नाही. कुणीच आलं नाही, आणि येणार नाहीत. आता मार्चचं म्हणतात. हे मला मंगळवारीच कळलं होतं. बुधवारी तुला लिहिलं ते खोटं आहे.

दोरी एका दुसऱ्याच मुलीची आहे. आजच्या लग्नाला आधीच येऊन राहिलेल्या कुठल्या तरी पाहुण्यांची मुलगी. तिच्या आईला मी सांगितलं, माझी नात एवढीच आहे, माप हवंय. ती बिचारी लगेच तयार झाली. दात त्या मुलीचा पडला होता.

आज इथं तिसरं लग्न होतं. मी खाली जाऊन बसलो, आता जातोच. माईकवर मामांना बोलावलं. माझ्याकडं बघून कुणीतरी हात केला आणि मी उठलो. टोपी घातली, उपरणं दिलं, पेढा भरवला. मी खाली उतरतोय तोच मागून एक गृहस्थ उभे राहिले. पुंजाराम त्यांचं नाव. नवरीचे खरे मामा ते. भोकरदनकडून पहाटेच निघून आल्ते. ते म्हणाले, “माझा मान दुसऱ्याला दिला. मंग मी इथं कशाला बसून राहू?” आणि चपला शोधू लागले.

एकच गोंधळ उडाला. नवरीची आई रडायला लागली. मुलाकडचे म्हणाले आम्हाला वाटलं हे तुमचे, मुलीकडचे म्हणाले आम्हाला वाटलं तुमचे. वाजंत्री थांबली. मी टोपी काढली, उपरणं घडी केलं आणि पुंजारामांच्या पुढं धरलं. म्हणालो, मामा, माझी चूक झाली, हे तुमचं आहे.

त्यांनी ते घेतलं नाही. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. आवाज चढवून नाही, नीट, माणसानं माणसाला विचारावं तसं विचारलं, “मंग तुम्ही कुणाकडचे?”

सगळे माझ्याकडं बघत होते. महेमूद, मी पोरांच्या कसल्याही प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तर दिलेलं आहे. मी म्हणालो, कुणाकडचाच नाही, मी इथं राहतो.

त्यांनी चपलांचा नाद सोडला. मग म्हणाले, “जेवून घ्या.” आणि रुसवा सोडून मांडवात गेले. कुणी मला काही बोललं नाही. जेवायला लोक बाजूला सरकून जागा देत होते. मी तिथून वर आलो.

आता कळत असेल मी इथं का थांबलोय. दार उघडून बाहेर पडलो तर चार पावलांवर बसस्टँडची रिक्षा मिळते. पण गल्लीत शिरल्यावर काय सांगू? सगळ्यांना सांगून निघालो होतो. एकट्यानं परत जाणं मला जमत नाही. इथं निदान कुणी विचारत नाही कोण यायचं होतं.

फ्रॉक शिवलास. ते मला सगळ्यात वाईट वाटतंय. वहिनींना रविवारचं नाही म्हणून सांग. कारण काय सांगायचं ते तूच ठरव.

तातेराव


अंबड, १४ डिसेंबर

तातेराव,

तुझं पत्र वाचलं आणि उठून आत गेलो. अनवरीला म्हटलं, ते लोक येत नाहीत. ती म्हणाली, माहीत आहे. नाजियाला म्हटलं. तिलाही माहीत होतं. कलीमला हॉटेलातल्या भटारखान्यात पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की बाबा एकटेच आहेत. त्यानं घरी सांगितलं. घरातून गल्लीत गेलं. संध्यावहिनी त्या दिवशी ओट्यापाशी उभ्या राहून मला तेच सांगत होत्या, आणि मी हो म्हणालो.

म्हणजे गल्लीत एका माणसाला माहीत नव्हतं. तो मी. मला कुणी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. कलीमला विचारलं तर त्यानं पाटीवर लिहून दाखवलं, अब्बा, रस्त्यावर ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. आणि हळू सांगितली असती तर मला ऐकू आली नसती. दोन्ही खरं आहे. मी दुपारभर बसून होतो. त्यांनी मला फ्रॉक शिवू दिला, तांदूळ आणू दिला. मी मशीनवर गात असेन, तेही त्यांनी ऐकलं असेल.

तुझ्यावर मला राग आहे. तू खोटं लिहिलंस म्हणून नाही. कुणाकडचाच नाही म्हणालास म्हणून. त्या भल्या माणसानं विचारलं होतं. अंबडचा म्हणायचं होतंस.

आता नीट ऐक. तुला ज्यांच्यापासून तोंड लपवायचंय त्यांना सगळ्यांना ठाऊक आहे. आठवडा झाला. लोक बोलायचं ते बोलून मोकळे झाले, आता संध्यावहिनींच्या गॅसच्या टाकीवर बोलतायत. तू एवढे दिवस त्या खोलीत कुणापासून लपलास?

तांदूळ आणलाय तो परत नाही करणार. हे पत्र कलीम आज संध्याकाळीच आणून देईल. उद्या रविवार, त्याची गाडी जालन्याला येत नाही. बसनं ये. फ्रॉक तुझ्या कपाटात ठेवून दे, मार्चला लागेल. नाही लागला तर त्या दात पडलेल्या पोरीचा पत्ता काढ. कुणाच्या तरी मापाचा आहेच तो.

महेमूद


रविवारी सकाळी तातेराव जालन्याच्या बसस्टँडवर अंबडच्या गाडीत बसले होते तेव्हा ज्योत्स्नाचा फोन आला. हॉटेलनं तिला कळवलं होतं. पैसे भरलेले असताना खोली का सोडली, असं तिनं विचारलं. तिथं काही त्रास झाला का, कुणी काही बोललं का. तातेराव म्हणाले, सगळी माणसं चांगली होती. मग म्हणाले, “मी तुमची वाट बघत होतो. तुम्ही आला नाहीत, म्हणून घरी चाललो.” त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. कंडक्टर आला. आधार कार्ड दाखवून त्यांनी अंबडचं अर्धं तिकीट घेतलं.